चुकाओ

चौथ्या दिवशी पाठीवरची पिशवी बोलायची थांबली.
म्हणजे पट्ट्यांची करकर होतीच,
डब्यातला चमचाही खुळखुळत होता,
पण अंगवळणी पडलं सगळं
आणि त्याच्या पलीकडचं ऐकू यायला लागलं.

तोवर माझ्या वहीत नुसतं:
झाड. झाड. मोठं झाड. पक्षी (करडा?).
एकतीस वर्षं लोकांची मुद्रितं तपासली,
कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ झालंय, कुठला अनुस्वार उडालाय,
आणि चिलीच्या या डोंगरात
मला एक ओळ धड वाचता येईना.

पहिल्या रात्री एर्मेलिंदा कुरियाओच्या पत्र्याच्या घरी उतरले होते.
तिचं स्पॅनिश सावकाश, माझं मोडकं.
ती म्हणाली, पेवेनमध्ये नर वेगळा, मादी वेगळी.
मादीच्या शेंड्याला नारळाएवढी बोंडं धरतात,
पिकायला दीड वर्ष घेतात,
मग आपली आपण फुटतात. खालून दगड मारायचे नाहीत.
उकडलेल्या बियांचा वाडगा तिनं पुढे सरकवला.
चव शिंगाड्याची, मागून थोडा धूर.
"वेचण्याआधी झाडाला विचार."
काय विचारू?
"घेऊ का, एवढंच. तुझ्या भाषेत विचार.
हजार वर्षांचं आहे ते, कळेल त्याला."

विचारलं मी. आजूबाजूला कुणी नाही हे आधी पाहून घेतलं.
"घेऊ का हो?"
झाड काही बोललं नाही.
वरून हिरव्या पोपटांनी
अर्ध्या खाल्लेल्या बियांचा सडा टाकला.
तोच होकार समजून ओंजळ भरली.

मग दिसत गेलं, क्रमानं नाही.
पेवेनची साल कासवाच्या पाठीची,
एका बाजूला कधीच्या तरी वणव्याचा काळा डाग
आणि त्या डागात मुंग्यांचा संसार.
लेंगाचं पान अंगठ्याच्या नखाएवढं,
पण लाल व्हायला प्रत्येक पान वेगळ्या कडेपासून सुरुवात करतं.
फांद्यांवरून लोंबणाऱ्या दगडफुलाच्या दाढ्या,
जणू कुणी वेलांट्या दिल्या आणि अक्षरं द्यायची विसरला.
काळा सुतार: टक-टक. दोनदाच.
मग लाल डोकं तिरकं करून ऐकत राहतो,
आत काही हललं का.
हे काम मला माहीत आहे.

बांबूच्या जाळीत चुकाओ ओरडला.
मूठभर पक्षी, आवाज मात्र दार आपटल्यासारखा.
एर्मेलिंदानं बजावलं होतं:
उजवीकडे ओरडला तर वाट चांगली, डावीकडे ओरडला तर परत फीर.
डावीकडेच ओरडला.
नावातच चूक असलेल्या पक्ष्याचं
माझ्यासारखीनं किती मनावर घ्यायचं?
मी जागच्या जागी पाठ फिरवली.
झाला की उजवीकडे!
एकटीच हसले. भर रानात, सहा दिवसांच्या पारोशा तोंडानं.

आणि आता तोंड त्या दिशेला होतंच,
तर आलेल्या वाटेवर चार पावलं गेले, उगाच.
ओल्या राखाडी मातीत माझ्याच बुटांचे ठसे,
नक्षीदार, छापल्यासारखे,
आणि त्यातल्या एकाच्या टाचेवर
दुसरा ठसा.
बोटं चार. नखं नाहीत.
तळवा माझ्या मुठीहून रुंद.
कडेचं पाणी अजून आत झिरपत होतं.

सकाळपासून मी इतकं बघत आले होते,
पानाची कड, सालीवरची मुंगी,
आणि माझ्यामागून कुणीतरी
माझी ओळ शब्द न् शब्द वाचत येत होतं.
पुढच्या ठशावर पण होती खूण. त्याच्या पुढच्यावर नव्हती.
तिथून ते कुठे वळलं, मी शोधलं नाही.

वही काढली नाही.
धावायचं नसतं, हे कुठेतरी वाचलेलं.
सरळ उभी राहिले, पिशवी वर ओढली,
आणि जाळीकडे बघून, जरा मोठ्यानं,
"जाऊ का हो?"

सुतार थांबला होता. पोपट कधीच उडून गेलेले.
मी निघाले.
पट्ट्यांची करकर पुन्हा ऐकू यायला लागली,
आणि चमचा, डब्यात,
केवढ्यानं.