काळ्या शाईची नदी

शेंदवडच्या डोंगरात निघते
तेव्हा तिला नदी म्हणायला कोणी धजत नाही.
करवंदीच्या जाळीखालून नुसती ओल सरकते.
गाय पाणी पिऊन जाते, तिच्या खुराच्या खळग्यात
मागे उरते, तेवढीच पांझरा.

पिंपळनेर, सामोडं, मग जरा अंग धरते.
साक्रीच्या पुढे कान येऊन मिळते.
आजूबाजूला काळ्या भिंती, कोसकोस लांब,
कोणी बांधलेल्या नव्हेत.
जमीन भेगाळली, खालचा रस वर चढला, थिजला;
भोवतालचं सगळं झिजून गेलं
आणि ह्या उभ्याच राहिल्या.
नदीने त्या जागोजागी चिरल्यात,
घाई नसलेल्या सुतारासारख्या.

मी हे शीटवर उतरवत होतो.
वैशाख. तंबू न्याहळोदच्या काठाला.
झिपा पाटकरी रोज येऊन बसायचा, कुदळ आडवी ठेवून.
चाळीस वर्षं फडाचं पाणी त्याच्या हातात:
कोणत्या चारीला किती वेळ, रात्री कोणाची पाळी,
बांधावरून भांडण झालं तर कोणाला आधी बिडी द्यायची.

पुढे ती एकाएकी उत्तरेला वळते, मुडावदकडे, तापीकडे.
मी वहीत लिहिलं: उतार, खडकाची ठेवण.
झिपा म्हणाला, दावण जवळ आली
की बैलाला कासरा ओढावा लागत नाही.

मग शीटवर वाकून:
"हाई रेघ कायी काबरं?"

म्हटलं, नियम आहे.
बारमाही असेल तर निळी.
आठ महिने कोरडी, तिला काळी शाई.

तो काही बोलला नाही.
पात्रात उतरला, चपला काठावर,
आणि वाळू उपसायला लागला, हातांनीच,
कुदळ तिथेच पडलेली.
मनगटापर्यंत कोरडी. कोपरापर्यंत गार.
मग वाळूचा रंग बदलला.
मग बोटांच्या मधे काहीतरी हललं.
"उनं," एवढंच म्हणाला,
आणि बाजूला सरकला, मला दिसावं म्हणून.
खळग्यात माझा चेहरा होता, गढूळ,
चष्मा तेवढा ओळखू आला.

शीट छापून आली. रेघ काळीच.
फक्त न्याहळोदपाशी, पात्राच्या मधोमध,
एक निळा ठिपका आहे.

विहीर का? तपासनिसाने विचारलं होतं.
हो म्हटलं.
नदीत विहीर?
हो.
किती खोल?

हातभर.