रिकाम्या गाडीचं वजन

दुसऱ्या वर्षी वाटलं होतं, आता चित्रं काढू देतील.
दिला दगड.

चुनखडीचा, शिळ्या सायीच्या रंगाचा,
माझ्याआधी कितीजणांनी काढून पुसलेला.
नटुभाई म्हणाले, एकावर एक दोन ठेव,
मध्ये पूड टाक, पाणी टाक,
आणि आठ काढत राहा.
किती वेळ, विचारलं
तर विडी चाचपत बाहेर निघून गेले.

आपला ८ नव्हे. तो निघाला की निघाला.
हा इंग्रजीतला, वळसा घालून
पुन्हा आपल्याच पोटातून जाणारा.
आधी खरखर, मग घसघस,
मग नुसतंच ओलं सरकणं:
ऐंशी नंबरची पूड, एकशेवीस, दोनशेवीस.
करडा चिखल मनगटावरून ॲप्रनमध्ये,
वेणीच्या टोकाला,
चार वाजता सेव-उसळीच्या पहिल्या घासात कचकच.

दांडिया बाजारात घरी
मावशी माझा तळवा उलटा करून बघते:
"बॅचलर म्हणजे बीएसारखंच ना गं?
मग हात गवंड्याचे कसे?"
आई म्हणते, विचारू नका तिला, परीक्षा आहे.

परीक्षा नव्हती.
दगडावर एक कान होता.

कुणीतरी कधीतरी काढलेला, उजवा,
लोंबती पाळी, भोकाची झालेली चीर.
तीनदा घासला.
ओला असेतो जायचा,
सुकला की हळूच वर यायचा.
नटुभाई दारातूनच बघत: "हजी बाकी छे."

कान जशीबेनचा.
सोमवारी आणि गुरुवारी त्या स्टुलावर बसतात,
खिडकीबाहेरच्या निलगिरीवर नजर लावून,
आणि आम्ही बावीसजण त्यांच्या खांद्याचा उतार
चुकवत राहतो.
एकदा मध्येच उठल्या, पाय झाडला,
पदर सावरत सगळ्यांच्या कागदांवरून फिरल्या.
माझ्यापाशी थांबल्या.
"कान तो रही गयो, बेटा."
खरंच राहिला होता.
अवघड म्हणून मी केसांखाली घातला होता.

चौथ्यांदा नाही घासला मग.
त्या कानाला धरून बाकीची बाई काढली,
मेणकट खडूने, श्वास धरून,
तळहात दगडाला लागू न देता.
डिंक, ॲसिड, ओला स्पंज, रोलर.
कागद उचलला तेव्हा उजवा कान डावा झाला होता
आणि फिका, पण होता.

सर म्हणाले, बाकी ठीकठाक,
कान मात्र उत्तम.
मी थँक यू म्हणाले.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटच्या वर्षीच्या प्रदर्शनाला बाबा आले,
खताच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तसेच,
कानामागे पेन.
बाबा काट्यावर असतात.
ट्रक भरलेला मोजायचा, मग रिकामा मोजायचा,
मधला फरक वहीत लिहायचा.
सत्तावीस वर्षं.

भिंतींकडे त्यांनी पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं केलं.
मग कोपऱ्यात माझ्या दगडापाशी गेले,
एक कड बोटभर उचलून ठेवली.
"अडतीस किलो."
नटुभाईंची विडी ओठावरच राहिली.

"दर वेळी घासता तेव्हा किती जातो?"

तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
ना सरांनी, ना बाहेरच्या परीक्षकांनी,
मी स्वतःलाही नाही.
म्हटलं, नखाच्या निम्मा. कमीच.

पेन काढलं कानामागून.
माझ्याच कॅटलॉगच्या पाठीवर
लांबी, रुंदी, अर्धं नख,
असा मोठा गुणाकार मांडला, उकिडवं बसून,
लोक वळसा घालून जात होते.
मी वरून बघत होते.
पेनाने पाळीमागे पडलेली एक निळसर खाच.
ती काढायची तर आधी काळं कुठून आणायचं,
हाताने आपोआप ठरवायला घेतलं.

"शंभर ग्रॅमच्या आत बसतं एक चित्र,"
बाबा म्हणाले. "म्हणजे फार नाही."

मग पुन्हा खाली वाकले.
"थांब, हातचा एक राहिला."