तीन पिवळ्या, एक काळी

झडपा मिळाल्या त्या दिवशी आनंद एवढाच
की लाकूड सागवानी निघालं.
तासगाव रस्त्यावरचं जुनं जिनिंगचं ऑफिस पाडत होते,
टेम्पोभाड्यासकट अकराशेला जोडी.
खिडकीत आतून बसणाऱ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या,
उन्हाला उंबऱ्यावरच अडवून
काय काम काढलंत, विचारणाऱ्या.

बिजागऱ्या कुणीतरी आधीच काढून नेल्या होत्या.
लाकडात त्यांच्या जागा तेवढ्या राहिलेल्या,
बांगडी उतरवल्यावर मनगटावर राहतो तसा फिकट रंग.

तू रात्रपाळीचा.
सकाळी साडेसातला कुपवाडहून येतोस कानात भट्टी घेऊन
आणि ऊन तुझ्याआधीच गादीवर येऊन बसलेलं.
पडदा लावून झाला, पडद्यावर चादर,
शेवटी काचेला खळीनं पेपर चिकटवला.
मार्चपासून तू उलट्या अक्षरांखाली झोपतोस.

ब्लाउजच्या पेपर-कटिंगसारखा मापाचा कागद कापून
मी गणपती पेठेत गेले.
पहिला म्हणाला, अँटिक फिनिश आहे मॅडम, सहाशे चाळीसला एक.
नखानं खरवडलं, आत जस्त.
दुसऱ्यानं पत्र्याची दाखवली, बावीस रुपये,
हीच नेतात सगळे.
नेत असतील. पण त्या खाचेत ती म्हणजे
थोरल्याचा सदरा घातलेलं पोर.
तिसरा म्हणाला कोल्हापूरला बघा.
चौथा जेवायला गेला होता.

शंभर फुटीच्या मागं इलाही पेंढारींचं भंगार.
पुरात उतरलेला माल हाय ताई, हात घालून बघा.
घातला.
कड्या, कोयंडे, खिट्ट्या, देव्हाऱ्याची एक मूठ,
कुणाच्यातरी दारावरचा सहाचा आकडा,
आणि सगळ्यावर कृष्णेचा गाळ, वाळलेला,
मैद्याच्या चाळणीतून पडल्यासारखा बारीक.
दीड तासात तीन सापडल्या,
त्याच मापाच्या, टोकाला मिरीएवढा मणी असलेल्या.
त्यांनी तागडीत टाकल्या,
फोन करून पितळेचा आजचा भाव विचारला.
दोनशे साठ.
मी दोनशे तीस म्हणाले.
त्यांनी वर मूठभर स्क्रू टाकले
आणि दोनशे साठच घेतले.

चौथी नव्हतीच.
तीन आठवडे मी येणाऱ्या-जाणाऱ्या गोण्यांत कोपरापर्यंत गेले.
पेंढारी आता चहा सांगतात, बिजागरीचं नाव काढत नाहीत.

मग एक बिजागरी कमी दिसली.
तू डब्यातून नेलीस, भाजीच्या वरच्या पुडात, मला न सांगता.
पंपाच्या आवरणांचं ओतकाम चाललेलं,
सदलगेंनी वाळूच्या पेटीत एका कोपऱ्यात
तिची दोन्ही पानं दाबून ठसा घेतला,
तळाशी उरलेल्या लोखंडात ती झाली.
खर्च म्हणशील तर पावशेर भडंग, चार चहा
आणि एक मोडलेलं ड्रिलचं बिट,
ते तुझ्या पगारातून कापलं जाणार आहे.

जड आहे. मणी नीट आला नाही, मिरीची जोंधळा झालीय.
तू म्हणालास, रंग देऊ पिवळा.
मी नको म्हटलं, भांडणासारखंच म्हटलं.

पावणेआठ.
उजवी झडप बोटानं मिटते.
डावी खाली अडते, काळीपाशी,
तेल घालूनही तिला गुडघा लावावा लागतो.
तरी एक फट राहतेच.
तिथून उन्हाची रेघ येते,
गादीवरून, तुझ्या घोट्यावरून, पत्र्याच्या पेटीपर्यंत.
साडेअकराला ती कुठे असते मला पाठ झालंय.
शिलाई मशीन मी बाहेरच्या खोलीत नेलंय.

काचेवरचे पेपर ओलं फडकं लावून काढले,
खळ घट्ट होती, पुरते निघाले नाहीत.
एका कोपऱ्यात मार्चचा सोन्याचा भाव
अजून चिकटून आहे, उलटा.