पहाटेचं माप

दुपारी मोजायचं नाही,
हे जयंतीभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
मे महिन्यात मकरपुऱ्याचा पत्रा तापतो,
धातू फुगतो, गेज फुगतं,
आणि तापलेली माणसं
फुगलेल्या वस्तूंबद्दल काहीही बोलतात.

म्हणून पावणेपाच.
ग्रॅनाइटच्या पाटावर रात्रभर शेजारी शेजारी
सहा सिलिंडर, क्रँककेसच्या दोन फाका, मायक्रोमीटर.
आता सगळ्यांचं अंग सारखं गार.
मी हातमोजे घालते.
तळव्याची ऊबसुद्धा
एक-दोन मायक्रॉन खोटं बोलते.

गाडी अलकापुरीतल्या शिर्क्यांची.
दोन माणसांपुरती, लाल, जमिनीला पोट लावून बसणारी.
एकवीस वर्षं ताडपत्रीखाली होती.
यशोधन शिर्के म्हणाले,
"बाबांनी कधी जोरात चालवलीच नाही हो.
रविवारी आजव्याला जायचे, यायचे, बस."
मी मान डोलावली. सगळे असंच सांगतात.
जयंतीभाईंनी ताडपत्री नुसती कोपऱ्यातून उचलली,
"सारी छे" म्हणाले,
आणि चहा सांगायला निघून गेले.

आधी नख.
वरच्या काठाखाली, जिथून पहिली रिंग मागे फिरते,
तिथे नख अडलं की समजायचं, पायरी पडली.
अडलं.
मग बोअर गेज. तीन उंच्यांवर, दोन दिशांनी.
गेज डोलवत राहायचं
आणि काटा परत फिरतो त्या थबकलेल्या क्षणी
आकडा उचलायचा. श्वास नंतर.

पहिले तीन वर सहा शतांश, खाली दोन,
नरसाळ्याच्या वळणाचे.
पाचवा-सहावा बरे.
चौथा लंबगोल:
पिस्टन ज्या अंगावर रेलतो त्या अंगानं खाल्लेला,
एकाच टाचेला झिजलेल्या चपलेसारखा.
आजव्याला जाऊन असं होत नाही.

पण सिलिंडरचं काय,
ते सुटे असतात. कापावेत,
मोठे पिस्टन घालावेत, नाही तर नवे मागवावेत.
क्रँककेसच्या फाका मात्र एकमेकींच्याच.
दोघींवर एकच नंबर ठोकलेला,
तिसऱ्या कुणाशी त्या बसत नाहीत.

बोल्ट आवळून फाका मिटवल्या.
आत बेअरिंगची आठ घरं, एका रेषेत.
पहिलं, मूळ मापापेक्षा पंचवीस शतांश जास्त.
दुसरं पंचवीस.
तिसरं पंचवीस.
मी गेज पुन्हा शून्यावर आणलं. तरी पंचवीस.
झीज इतकी नेमकी नसते.
पंचवीस हा कुणाच्या तरी हाताचा आकडा.

फाका पुन्हा उघडल्या, बॅटरी धरली.
तळाशी, तेलाच्या तपकिरी सायीखाली,
टोचणीनं ओरखडलेली अक्षरं. शिरोरेघ नाही.
गुजराती.
पेलो कट. आगळ नहीं.
आणि तो पाच, खाली लांब शेपूट ओढलेला.
रोज हजेरीवहीत बघते मी ते शेपूट.

जयंतीभाई दारात उभे होते.
आजोबा त्यांचे संखेड्याला पाळण्याचे खांब खरादायचे,
लाकडावर लाख चढवायचे.
हे चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.
"बत्रीस वरस थयां," म्हणाले.
"मोटा साहेब. इटोळा पासे. एकसो साठ पर चोंटी गयुं.
घेर कहेवानी ना पाडी'ती."

पाचवं घर त्यानंतर आणखी तीन शतांश चेपलंय,
हे मी त्यांना दाखवलं.
"पांचमुं हुं जोई लईश."

साडेसातला ऊन पत्र्यावर आलं. मोजणं बंद.
कागदावर आकडे उतरवले.
कारणाच्या रकान्यात आधी काहीच सुचेना,
मग लिहिलं: जुनं काम. चांगलं.

दहाला यशोधन आले. "किती झिजलंय?"
कागद उलटा ठेवून
मी चौथा सिलिंडर त्यांच्या हातात दिला.
नख लावून बघा, म्हटलं,
आतून. वरच्या काठाखाली.
हळू.