समासातली साखर

सोहारला शुक्रवारी दुपारी रस्तासुद्धा आडवा होतो.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
त्या ठेक्यावर मी पानं उलटते.

कादंबरी माझी नव्हे.
बंदरावरचे क्रेनवाले तेंडोलकर कायमचे गावी निघाले
तेव्हा कुकर एकाला गेला, गादी दुसऱ्याला,
आणि केळ्यांच्या खोक्यातली पुस्तकं माझ्याकडे.
"बाकीचे नुसतं वजन बघतात," म्हणाले.

मी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त वाचते.
रात्री स्वतःचं बोट टोचते
आणि आकडा ठरवतो
भाकरी एक की दीड.

पान सदतीसवर साखरपुडा आहे.
लेखकाने हात सैल सोडलाय:
जिलेबी, मठ्ठा, मसालेभात, वर तुपाची धार.
ते पान मी तीनदा वाचलं.
वाचलेल्या जिलेबीने साखर चढते
असं अजून कुठल्या रिपोर्टात आलेलं नाही.

तिथेच समासात, शिसपेन्सिलीने:
*२१०. जेवणानंतर.*
आधी वाटलं, छपाईची चूक.
मग पान बावन्न: *१८६. कॉर्निशवर चाललो.*
पान ऐंशी: *२४४. रमजान.
फोरमनने हरीस दिलं. नाही म्हणवेना.*
पान एकशे एकवीस: *चप्पल पायातून गेली, कळलं नाही.*
पुढची साठ पानं कोरी.

तिकडे ट्रंकेतून मृत्युपत्र नाहीसं झालं होतं,
धाकटी सून विहिरीकडे निघाली होती,
आणि माझा जीव टांगलेला
त्या पेन्सिलीला.

लॅबमध्ये रय्या काहवा आणते, खलास खजूर आणते.
"एक घे, नाहीतर तीन. दोन नाही."
मी एक घेते, त्याचे चार घास करते.
"पुस्तकात आज काय?" ती विचारते.
माझ्या अरबीत क्रियापदं कमी:
"कागद नाही. आई रडते. भाऊ वाईट."
"भाऊ," रय्या नळ्यांवर लेबलं चिकटवत म्हणते,
"इथेही."

पान दोनशे अठ्ठ्याऐंशी:
*३१२. डोळ्यांपुढे जाळं. अक्षरं हलतात.*
हे हस्ताक्षर ओळीवरून घसरलेलं.
त्यापुढची चाळीस पानं कडक, एकमेकांना चिकटलेली.
नवीकोरी.
चौदा वर्षं मी आकडे लिहून देते,
माणूस कुठल्या पानावर थांबतो
हे विचारायचं कधी सुचलं नाही.

मी रियालाचं कार्ड आणलं, वेंगुर्ल्याला फोन लावला.
"डोळ्यांत रक्त उतरलां," ते म्हणाले,
शेजारणीला मीठ संपल्याचं सांगावं तसं.
मग खाली आवाजात, अगदी घाईने:
"गो, तां मृत्युपत्र कोणी पळवल्यान?"

मी सांगितलं नाही. मलाच कुठे माहीत होतं.
चिकटलेली पानं सुरीने सोडवली
आणि वाचायला लागले.
दर शुक्रवारी, पाच-सहा पानं.
त्यांची अट एकच:
"आधी तुमचो आकडो."
मी एकदा खोटा सांगितला. एकशे तीस.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही, फक्त कोंबडा.
"माका क्रेन चालवूक डोळे लागत," म्हणाले,
"खोटां ऐकूक नाय लागत."
एकशे ब्याण्णव, मी म्हणाले. सुरमईबरोबर भात खाल्ला.
"हां. आता वाचा."

बारशाचं जेवण आलं की मला थांबवतात,
"परत वाचा. वडे कित्याबरोबर?"
वाटाण्याच्या उसळीबरोबर, मी सांगते.
"चुकलो लेखक," ते म्हणतात, आणि खूश असतात.

आज थोरल्या भावाने माळ्यावरून दुसरी पेटी उतरवली.
गंज. कडी. कडी वाजली,
झाकण जरासं वर आलं
आणि कार्ड संपलं.

खालचं दुकान चारला उघडतं.
पुढचं वाक्य डोळ्यांसमोर आहे, अर्धं दिसतंयच.
मी त्यावर वापरलेली पट्टी ठेवली, पुस्तक मिटलं,
ज्वारीचं पीठ परातीत घेतलं,
पाणी ठेवलं उकळायला,
आणि पिठाच्या हातांनी
पेन्सिल शोधत बसले.