सातशे पन्नास मिली

शनिवार. गॅल्व्हस्टनचा धक्का. उकाडा असा
की पेलिकनसुद्धा खांबावर बसून चोच उघडी टाकतात.
आत मात्र गारठा, सरकता पट्टा,
आणि स्टुलावर मी, लुएला ब्रूसार्ड,
लोकांच्या बॅगांचं पोट बघणारी बाई.

नियम भिंतीवर आहे, तरी तोंडाने सांगते:
माणशी एक बाटली वाइन, सातशे पन्नास मिली, सीलबंद.
कोल्ड्रिंकचे डबे बारा.
बाकी सगळं इथे. टॅग लागेल. परतीला मिळेल.
बाळाच्या दुधाला आडकाठी नाही,
खोकल्याच्या औषधाचा मात्र मी वास घेते.

माणसं काय काय करतात!
माउथवॉशच्या बाटलीत व्होडका, वर खायचा हिरवा रंग.
सनस्क्रीनच्या ट्यूबमध्ये रम.
एकाने पाव पोखरून आत चपटी बाटली निजवली होती,
पडद्यावर ती दिसली सोनोग्राफीतल्या बाळासारखी.
मी म्हटलं, अभिनंदन.
तो हसला. रांग हसली. बाटली टेबलावर.

(आमची कोळंबीची होडी होती तेव्हा
कूलरमध्ये काय आहे
हे समुद्राने कधी विचारलं नाही.)

त्याच रांगेत ऑरव्हिल ह्रुस्का.
शुलेनबर्गकडचा, सत्तरीचा, शर्टाची घडी न मोडलेली.
बॅग एकच. बाटली लपवलेली नाही,
कपड्यांच्या वरच आडवी: बोर्बन, सील फोडलेलं,
सातशे पन्नास, वजा दोन बोटं.
"ही चालणार नाही."
"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर आणली."

मी टॅग लिहायला घेतला. तो बोलत राहिला,
डॉक्टरला सांगत नाहीत पण केस कापणाऱ्याला सांगतात, तसं:
मोरीत ओतायला तीनदा गेलो.
झाकण निघतं, मनगट वळत नाही.
घरी हिला काढून घेणारं कुणी उरलं नाही.
तुम्ही घेता, वर पावतीही देता.

मी म्हटलं, अहो, वर अकरा बार आहेत.
खोटं कशाला बोलू,
हा नियम दारूच्या विरुद्ध नाही,
फक्त तुमच्या दारूच्या विरुद्ध आहे.
सकाळी दहाला पहिला उघडतो,
कागदी छत्रीचा पेला, चौदा डॉलर.

"ते बरंय," तो म्हणाला. "तिथे कार्ड लागतं.
प्रत्येक पेल्याला तारीख, वेळ, मजला.
बिल मुलीच्या नावावर, तिकीट तिनेच काढलंय.
घरच्या बाटलीला हिशोब नसतो, बाई.
रात्री भरलेली, सकाळी रिकामी,
मधल्या मध्ये साक्षीदार कुणी नाही."

टॅग नंबर दोनशे चौदा.
सही त्याने सावकाश केली, पूर्ण नाव,
बँकेत करतात तशी.

पुढच्या शनिवारी परतीचं टेबल.
उन्हाने सोललेली नाकं, शिंपल्यांच्या माळा,
टॅगसाठी उलटे केलेले खिसे.
पाववाल्याने आपली नेली. पाव मागितला नाही.
साडेबारापर्यंत जी उरते
ती मागच्या सिंकमध्ये ओतायची, दोघांच्या सहीने.

दोनशे चौदा उभी होती.
तो दाराजवळ, मुलगी सोबत, बॅग तिच्या हातात.
त्याने माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे नाही.
किंवा बाटलीकडे बघून
माझ्याकडे बघितल्यासारखं केलं,
इतक्या दुरून सांगता येत नाही.
वर कार्ड किती वेळा निघालं ते मुलीला ठाऊक.

साडेबाराला मी ती ओतली.
वेळ लागतो. गळा अरुंद असतो,
एक घोट सोडते, एक घोट हवा घेते,
परत सोडते.
मनगट अवघडलं तसा हात बदलला.

एक सही झाली, माझी.
दुसरीसाठी थांबले.
टेरेल जेवायला गेला होता.