कसर

बफेलोच्या पूर्व भागात, बंद पडलेल्या बेकरीच्या तळघरात
मंगळवारी आम्ही दोघंच असतो:
झोफिया, आणि मी, लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त.

खोक्यांत तीनशे बारा मूळ गुंडाळ्या.
यांच्यावरून पुढच्या साऱ्या छिद्रल्या गेल्या,
हजार दिवाणखान्यांत पायडल मारून वाजल्या,
मग चुलीत गेल्या, पुरात गेल्या.
या आया तेवढ्या उरल्या.

कागद असा, की श्वास सोडला तरी कड झडते.
झोफिया आधी खोलीला ओल देते, मग कागदाला,
मग मला म्हणते, "आता. सावकाश."
मी हँडल फिरवतो. मिनिटाला एक फूट.
बाहेर सरोवरावरून आलेलं बर्फ
खिडकीच्या गजांपर्यंत.

इथे स्वर म्हणजे भोक.
जिथे कागद नाही, तिथे आवाज आहे.
आणि कसरीनेही भोकंच पाडलीत,
तीही वाजतील, कुणी अडवलं नाही तर.
झोफिया भिंगातून एकेक पाहते.
"किड्याला ताल नसतो," म्हणते.
मग थोडं थांबून, "बहुतेक."

गुंडाळी एकशे सत्त्याऐंशी.
पेन्सिलीत: हॅझेल ट्रूइट, मार्च १९२६, दुसरा प्रयत्न.
अठ्ठाविसाव्या फुटावर चिकटवलेला तुकडा,
वाटाण्याएवढा, डिंक पिवळा पडलेला.
बाईंचं बोट घसरलं असणार.
कारखान्यात कुणीतरी ते बुजवलं,
शेजारी बरोबर भोक पाडलं,
आणि हजार घरांत त्या कधीच चुकल्या नाहीत.

आज माझ्या हाताखाली तो तुकडा सुटला.
मला दोर तुटल्यासारखं झालं.
झोफियाने तो चिमट्याने उचलला, पाकिटात घातला,
वर तारीख लिहिली, फूट, इंच,
आणि मला एक शब्द बोलली नाही.

"दोन्ही ठेवू."
संगणकातून आधी बुजवलेलं वाजलं. छान.
मग उघडं:
पांढरी चारला खेटून काळी तीन, चुकून,
आणि पाठोपाठ डाव्या हाताचं किंचित रेंगाळणं,
जिन्याची एक पायरी हुकल्यावर
कठडा धरून
कुणी पाहिलं का, म्हणून मागे बघावं तसं.

पाहिलं, हॅझेलबाई.

चहा झाला. टेबलावरचा चुरा मी झाडणार होतो.
झोफियाने कुंचला काढून घेतला,
चुराही बरणीत भरला, क्रमांक घातला.
कसर म्हणजे किडा, आणि कसर म्हणजे
जे भरून येत नाही ते.

पुढच्या मंगळवारी एकशे अठ्ठ्याऐंशी.
तिच्यावर नावच नाही.